आज्जीचं सोळा पोत्यांचं साल

पोस्ट मोठी झालीय. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी तुमच्याकडून काही माहिती हवी आहे.

गेल्या रविवारी गावाकडचा एक पोरगा घरी आला. वय सत्तावीस-अठ्ठावीस. चाकणला कंपनीत कामाला आहे. वडिलांच्या नावावर तीन एकर रान. मोबाईल पुढं करून एक रील दाखवलं. त्यात मातीचं घर, गोठ्यात गाय, परसात भाजी, चुलीवर भाकरी आणि मागून आवाज : आपले आजोबा बाजारातून फक्त मीठ आणायचे, बाकी सगळं घरचं, म्हणून ते सुखी होते. पोरगा म्हणाला, "दादा, नोकरी सोडून असं करायचं म्हणतोय. तुम्ही जुनं वाचता, लिहिता. सांगा, जमेल का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्याला म्हणालो, आधी तुझ्या पणजीच्या काळात साल कसं जायचं ते बघू, मग हिशेब करू. त्या दिवशी आम्ही दोघं तीन तास बोललो. तेच इथं जरा नीट मांडतोय. आपल्या करमाळा तालुक्यापुरतं बोलतोय, कारण आपलं रान, आपला पाऊस वेगळा आहे. कोकणातल्या भातशेतीला किंवा विदर्भातल्या कापसाला हे जसंच्या तसं लागू होणार नाही.

माझ्या आज्जीचं घर नमुन्याला घेऊ. काळ साधारण १९५५ ते १९७० चा. चौदा एकर जमीन. त्यातलं दोन एकर विहिरीवर, मोटेचं. चार एकर बरड. आठ एकर काळं रान, जिरायत. एक बैलजोडी, एक गाय, एक म्हैस, चार शेरडं आणि कोंबड्या. लहानमोठी नऊ खाणारी माणसं.

आज्जी वर्ष महिन्यांनी मोजायची नाही, नक्षत्रांनी मोजायची. आणि साल चांगलं की वाईट हे पैशांनी नाही, पोत्यांनी.

उन्हाळा

पाडव्याला सालगड्याचा करार व्हायचा, तसाच रानाचाही नवा हिशेब सुरू व्हायचा. ज्वारी निघाली की धसकटं वेचायची, नांगरट करायची. लोखंडी नांगर एका जोडीला ओढत नाही. त्याला दोन-तीन, कधी चार जोड्या लागायच्या. एवढे बैल एका घरी कुणाकडंच नसायचे. म्हणून इर्जिक. आज तुमच्या रानात सगळ्यांचे बैल, उद्या माझ्या रानात. ज्याचं रान त्याच्या घरी जेवण. पैशाचा व्यवहार नाही. म्हणजे वर्षाच्या पहिल्याच कामाला हे 'स्वयंपूर्ण' घर शेजाऱ्यावर अवलंबून होतं, हे लक्षात ठेवा.

बायकांचा उन्हाळा पुरुषांच्या उन्हाळ्यापेक्षा जड. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट, लोणचं. गोवऱ्या थापून हुडवा रचायचा, कारण पावसाळ्यात सरपण भिजतं. रोहिणी लागायच्या आत माळवदावर पांढरी माती टाकायची, नाहीतर पहिल्याच पावसात घरात धार लागणार. डोक्यावर माती वाहून वर चढवायचं काम आज्जी आणि तिच्या जावांचं.

आणि बी. आज्जीच्या उतरंडीत कुठल्या गाडग्यात काय आहे हे फक्त तिलाच माहीत असायचं. राखेत घोळलेली मटकी, हुलगा, मूग, उडीद. कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली तूर. ज्वारीचं बी मात्र गाडग्यात नाही, कणसंच. मळणीच्या आधी पिकातून फिरून टपोरी, घट्ट कणसं निवडून ती आढ्याला टांगलेली असायची. चुलीच्या धुरानं कीड लागायची नाही. आज ज्याला आपण बियाणं कंपनी म्हणतो, ती तेव्हा आढ्याला टांगलेली होती आणि तिची मालकीण आज्जी होती.

मृग ते मघा

सात जूनला मृग निघतो. पाऊस त्या तारखेला येईलच असं नाही. आपल्याकडं वर्षाचा पाऊस पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा परतीचा. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी रानाची वाटणी केली होती. बरडावर, हलक्या रानात खरीप : बाजरी, तिच्यात तुरीच्या ओळी, कडंला मूग, मटकी, हुलगा, तीळ, अंबाडी. काळ्या रानात पावसाळाभर काहीच पेरायचं नाही. नुसत्या कुळवाच्या पाळ्या द्यायच्या, तण मारायचं आणि पाणी जमिनीत मुरवायचं. ते रान ज्वारीसाठी राखीव.

आबा पाभर हाणायचे. मागून मोघणा धरून तुरीचं बी सोडायची ती आज्जी. मूठ सैल झाली तर पीक दाट, घट्ट झाली तर विरळ.

एकाच रानात सात-आठ जिन्नस का? आवड म्हणून नाही. पुनर्वसूचा तरणा पाऊस पडला आणि पुष्याचा म्हातारा पाऊस दडला, तर बाजरी जाते पण मटकी-हुलगा तग धरतात. सगळंच गेलं तरी तूर मुळं खोल घालून उभी राहते. अंबाडीची भाजी खायची आणि वाळल्यावर तिच्या वाखाचे दोर वळायचे. हा विमा होता. हप्ता पैशात नव्हता, कष्टात होता.

आषाढ-श्रावण हे मात्र उपासमारीच्या काठावरचे महिने. रील बनवणारे हे दाखवत नाहीत. मागच्या सालाची ज्वारी संपत आलेली, नवी अजून सहा महिने लांब. खुरपणीचं सगळ्यात जास्त काम याच दिवसांत आणि पोटात सगळ्यात कमी. त्या दिवसांत तांदुळजा, पाथरी, चिगळ, कुर्डू अशा बांधावरच्या भाज्या खुरपता खुरपता ओट्यात जमा व्हायच्या आणि संध्याकाळी शिजायच्या. आज त्याला 'रानभाजी महोत्सव' म्हणतात. आज्जी त्याला 'दिवस काढणं' म्हणायची.

गणपतीच्या सुमाराला मूग घरात यायचा आणि पहिल्यांदा जरा सैल वाटायचं.

उत्तरा-हस्त ते संक्रांत

खरा जुगार उत्तरा आणि हस्तात. हत्तीचा पाऊस नीट पडला की काळ्या रानात शाळू ज्वारीची पेरणी. मधूनमधून करडईच्या ओळी, बांधाच्या कडंला करडईच. ती काटेरी, जनावर तोंड घालत नाही. म्हणजे तेलाचं पीक आणि कुंपण एकच.

आपण ज्याला मालदांडी म्हणतो ती ज्वारी इथलीच. आपल्याच जिल्ह्यात, मोहोळच्या संशोधन केंद्रात, शेतकऱ्यांच्या रानातल्या मालदांडीतून निवड करून एम ३५-१ हा वाण काढला गेला. पेरल्यावर पाऊस नाही आला तरी काळ्या रानातल्या ओलीवर आणि थंडीवर ती येते.

नवरात्रात घट बसायचा. घटातलं धान्य कसं उगवलं यावरून आज्जी बियाण्याचा अंदाज बांधायची. पुजाही व्हायची आणि उगवण-चाचणीही.

मग राखण. माळ्यावर चढून गोफण फिरवायची, पाखरं हाकायची. पौषात हुरडा. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि रानात जे असेल त्या सगळ्याची एकत्र भाजी. वर्षातला भरल्या पोटाचा काळ हाच.

सुगी

माघ-फाल्गुनात काढणी. आपल्याकडं ज्वारी कापत नाहीत, उपटतात. कंबरडं मोडतं. करडई पहाटे काढायची, दवानं काटे मऊ असतात तोवर. हातापायाला चिंध्या बांधून. ऊन चढलं की काटे रक्त काढतात.

खळं सारवायचं, मधी तिवडा रोवायचा, बैलांची पात धरायची. मळणी झाली की वावडीवर उभं राहून वाऱ्याला उफणणी. रास पडली की आधी तिची पूजा. आणि पूजा संपायच्या आत खळ्यावर माणसं जमलेली असायची : सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, मांग, महार. वर्षभर पाभर, कुळव दुरुस्त केले, फाळ शेवटला, मोटेचं चामडं शिवलं, मडकी दिली, दाढी केली, निरोप पोचवले, मेलेलं जनावर ओढलं. त्याचा मोबदला म्हणजे बलुतं. पेंढ्या आणि पाटीभर दाणे.

उरलेली ज्वारी पेवात. घट्ट पांढरीत खोदलेला खड्डा, आतून कडबा-भुसकाटाचं अस्तर, तोंडावर फरशी, वरून मातीचा लेप. आत हवा नाही, म्हणून किडा नाही. उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही. आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. घाई करून उतरलेली माणसं आत गुदमरून मेल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत.

आता हिशेब

इथवर ऐकून पोरगा खूश झाला होता. म्हणाला, "हेच तर म्हणतोय दादा." मग मी कागद घेतला. आज्जीनं आयुष्यभर तोंडावर सांगितलेला हिशेब लिहून काढला.

तिच्या घराचं साल सोळा पोत्यांचं. म्हणजे नऊ माणसं, आला-गेला आणि म्हशीचं अंबोण धरून वर्षाला सोळा पोती ज्वारी लागायची. आठ एकर काळं रान. चांगल्या साली एकरी तीन पोती, म्हणजे चोवीस. घरचे सोळा गेले. बलुत्याची दोन. बियाणं अर्धं. जत्रा, लग्न, पाहुणे एक. राहिली साडेचार पोती. ती विकून सारा, कापड, मीठ, लोखंड, औषध.

मध्यम साली एकरी दोन, म्हणजे सोळा. बलुतं आणि बी काढलं तर घराला साडेतेरा. अडीच पोत्यांचा खड्डा. तो बाजरी आणि हुलग्यानं भरायचा. विकायला काहीच नाही, पण सारा तर भरायचाच.

वाईट साली एकरी एक. आठ पोती. बलुतं-बी काढून साडेपाच. म्हणजे चार महिने खायचं आणि आठ महिने सावकाराकडं बघायचं. सावकार धान्य द्यायचा सवाईनं नाहीतर दिढीनं. पोतं नेलं तर सुगीला सव्वा नाहीतर दीड परत.

आज्जी म्हणायची, पाच सालात एक चांगलं, दोन मध्यम, दोन वाईट. तुम्हीच बेरीज करा. हे घर चौदा एकराचं होतं, विहीर होती, बैल घरचे होते. गावातल्या बऱ्या घरांपैकी एक. तरी पाच वर्षांतून दोन वर्षं ते स्वतःच्या रानावर जगत नव्हतं.

हे एका घराचं दुर्दैव नव्हतं

भीमेच्या पलीकडं इंदापूर. तिथं १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी रयतवारीची नवी आकारणी बसवली. पुढं मुंबई इलाख्यात तीच पद्धत पसरली. प्रत्येक खातेदाराच्या नावावर सारा, आणि तो रोखीत. पाऊस पडो न पडो, सरकारला पोती नकोत, रुपये पाहिजेत. ज्या घराचं सगळं वर्ष पोत्यात मोजलं जातं, त्या घराला रुपया आणायला एकच दार होतं.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस थांबला, आपल्याकडच्या कापसाला भाव आला. सावकारांनी हात सैल केला, शेतकऱ्यांनी कर्ज उचललं. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमाराला आकारणीची तीस वर्षांची मुदत संपली आणि वाढीव सारा आला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर गेले. त्यांना पैसा-अडका नको होता, रोखे आणि खतं पाहिजे होती. ती बाहेर काढून जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. मधल्या काळात, १८७६ ते ७८, मोठा दुष्काळ येऊन गेला होता.

म्हणजे ज्या 'सुखी आजोबां'ची रील आपण बघतो, त्यांच्या आजोबांनी कर्जाचे कागद जाळले होते.

पुढं पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरटी अभ्यास केला. तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनी कागदपत्रं तपासून त्यांनी दाखवलं की १७७१ मध्ये तिथं सरासरी धारणा चाळीस एकरांची होती, १९१४-१५ पर्यंत ती सात एकरांवर आली. गावातली बहुतेक घरं नुसत्या जमिनीवर जगूच शकत नव्हती. बाहेरची मजुरी, पुण्याकडची कामं यांवर ती तगली होती. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी लहान धारणांच्या प्रश्नावर इंग्रजीत निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, शेतीवर माणसांचा भार जास्त आहे, तो उद्योगांकडं वळवला पाहिजे, हा त्यातला मुख्य मुद्दा.

त्या पिंपळे सौदागरमध्ये आज काय आहे ते तिथं फ्लॅट घेतलेल्या आपल्या तालुक्यातल्या पोरांना विचारा.

खळ्याच्या पलीकडची बाजू

पोत्यांचा हिशेब मी एकदा आमच्याच गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाला सांगत होतो. त्याच्या वाडवडिलांकडं महारकीचं वतन होतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या आज्जीचं साल सोळा पोत्यांचं. आमच्या आईचं साल तुमच्या खळ्यावरच्या मातेऱ्याचं."

मातेरं म्हणजे रास उचलल्यावर खळ्यावर राहिलेलं, माती मिसळलेलं धान्य. ते पाखडून, धुऊन, वाळवून खायचं. त्यावर मला बोलता आलं नाही.

१९१५ साली त्र्यंबक नारायण आत्र्यांनी 'गाव-गाडा' हे पुस्तक लिहिलं. त्यात बलुतेदारीचा कुणब्यावर कसा भार पडतो याची मांडणी आहे. ती शेतकऱ्याच्या बाजूनं. दुसऱ्या बाजूनं १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक मांडलं. रात्री-अपरात्री कुणीही हाक मारावी, काम ठरलेलं नाही, मोबदला ठरलेला नाही, नाही म्हणायची सोय नाही. ही कनिष्ठ वतनं शेवटी १९५८ च्या कायद्यानं रद्द झाली. आमच्या घराला 'सगळं घरचं' वाटत होतं, त्यातलं निम्मं दुसऱ्याच्या घरचं होतं. आणि उरलेल्या निम्म्यातलं बहुतेक आज्जीच्या आणि तिच्या जावांच्या पाठीवर होतं. पहाटे तीनला जात्यावर बसणारी बाई रीलमध्ये छान दिसते. रोज बसून बघावं.

मोडलं कसं

१९७२ चा दुष्काळ. आज्जी सांगायची, बैल विकले तेव्हा आबा गोठ्यात जाऊन बसले आणि दोन दिवस जेवले नाहीत. पेवाच्या तळाला झाडून काढलेली ज्वारी संपल्यावर आज्जी रोजगाराच्या कामावर गेली, खडी फोडायला. चौदा एकराच्या मालकीण बायका आणि भूमिहीन बायका एकाच रांगेत. रेशनवर लाल मिलो, पोरांना सुकडी. आज्जीला मिलोची भाकरी कधी आवडली नाही, पण त्या मिलोला तिनं कधी नावही ठेवलं नाही. "त्यानं पोरं जगली," एवढंच म्हणायची. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागायचा हक्क. आपल्याकडच्या माणसाला सावकाराशिवाय मिळालेलं ते दुसरं दार.

त्यानंतरची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. हायब्रीड ज्वारी १९६० च्या दशकातच आली होती. उत्पन्न जास्त, पण खरिपात पावसात सापडली की काळी पडायची, पेवात टिकायची नाही, बी दरवर्षी विकत. विहिरींवर मोटर आली, मोट गेली. १९८० च्या सुमाराला उजनी भरली. धरणाच्या काठाला ऊस आला, नंतर केळी. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या पेवांत आता मासे आहेत. रेशनवर गहू-तांदूळ मिळायला लागला, पेवाची गरज संपली. आमचं पेव १९९० च्या आसपास बुजवलं. त्यावर आता पाण्याची टाकी आहे.

आणि जमीन वाटली गेली. कृषिगणनेप्रमाणं महाराष्ट्रात सरासरी धारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे साडेदहा एकरांवरून सव्वातीन एकरांवर. आमच्या पोराचे तीन एकर हे काही त्याचं एकट्याचं नशीब नाही. तो महाराष्ट्राची सरासरी आहे.

मग त्याला काय सांगितलं

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला त्याचा हिशेब मांडला. तीन एकर, सगळी मालदांडी. आजच्या मशागतीनं चांगल्या साली एकरी पाच पोती धरू. पंधरा. घरात चार माणसं, आता ज्वारी कमी खातात, चार पोती ठेवली. अकरा विकली. क्विंटलला तीन हजार धरले तर तेहतीस हजार. कडब्याचे वेगळे. त्यातून ट्रॅक्टरचं भाडं आणि काढणीची मजुरी वजा. राहील त्यात पोरीची शाळेची फी, आईची शुगरची गोळी, मोबाईल, पेट्रोल. जमतंय का बघ.

बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे खाणं निघतं, जगणं निघत नाही."

मी म्हणालो, तुझ्या पणजीच्या काळात सारा भरायला रुपया लागायचा. आता रुपया लागायच्या जागा पन्नास झाल्यात. हा फरक आहे.

"मग करू नको म्हणता का?"

नाही. जुन्या सालातल्या तीन गोष्टी मला आजही सोन्यासारख्या वाटतात. एक, घरचं बी. दोन, एका रानात चार जिन्नस, म्हणजे एक गेलं तर तीन उरतात. तीन, वर्षाचं धान्य घरात ठेवून मगच विकणं. या तिन्हींना नोकरी सोडावी लागत नाही. आणि चौथी गोष्ट एकट्यानं होत नाही : गायरान. आज्जीची चार शेरडं आणि गाय गावच्या गायरानावर चरायची, म्हणून चौदा एकरात भागायचं. आज गायरानं अतिक्रमणात गेली, काही ठिकाणी तिथं सौर प्रकल्पांचे प्रस्ताव आहेत. दिवसा वीज मिळणार असेल तर मी विरोधात नाही. पण ग्रामसभेत विषय येईल तेव्हा जनावरं कुठं चरणार हा प्रश्न कुणीतरी विचारला पाहिजे. 'स्वयंपूर्ण शेती'च्या रीलला लाईक करणारे ग्रामसभेला येत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

परत आणायचं नाही ते काय, हेही त्याला सांगितलं. सावकाराची दिढी नको, खळ्यावरचं मातेरं कुणाच्याही वाट्याला नको, आणि तुझ्या बायकोच्या नावावर पहाटे तीनचं जातं नको. नोकरी सोडायचा निर्णय घेणार असशील तर आधी तिला विचार. रीलमधल्या घरातलं निम्म्याहून जास्त काम तिलाच करायचंय.

पोरगा परत चाकणला गेला. परवा त्याचा फोन आला. नोकरी सोडलेली नाही. या हस्तात एक एकर मालदांडी पेरायचं ठरवलंय, कडंनं करडई, मधी हरभरा. बी गावातल्या एका म्हातारीकडून पायलीभर मिळालंय. तिनं पैसे घेतले नाहीत. सुगीला दीड पायली परत दे म्हणाली.

दिढी. मी हसलो. पण ही दिढी देणं जमेल असं वाटतं.

आता तुमच्याकडून हवं ते. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी माणूस असेल तर आज संध्याकाळी एवढंच विचारा : आपल्या घराचं साल किती पोत्यांचं होतं, आणि वाईट साली कमी पडलेलं कुठून आणलं? ज्यांच्याकडं जमीन नव्हती त्यांनी आवर्जून विचारा आणि लिहा. तुमच्या घराचं साल कशात मोजलं जायचं? गावाचं नाव आणि जमेल तर साल टाका, माणसाचं नाव नको. आपल्या तालुक्याच्या या हिशेबाची वही कुणी लिहिलेली नाही. ज्यांच्या तोंडावर ती आहे ती माणसं आता थोडी उरलीत.